वारा अडवणाऱ्या बाईचा हंगाम

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी पावणेनऊ वाजता, चौक गावात एका सिनेमाचं चित्रीकरण पहिला शॉट घेण्याआधीच थांबलं. दृश्य बोंबील सुकत घालण्याचं होतं. गर्दीसाठी गावातल्या एकोणीस बायकांना बोलावलं होतं आणि निरोप होता, "रोजच्यासारख्याच या." एकोणीसच्या एकोणीस जणी वेळेवर आल्या, पण चर्चमध्ये मिस्साला जातात त्या कपड्यांत. रेशमी साड्या, इस्त्री केलेले फ्रॉक, कानांत सोनं. दोघींच्या हातात पर्स होती.

यंदाचा हंगाम आता सुरू झालाय. भाईंदरहून चौककडे जाणाऱ्या बसमध्ये तो उत्तनच्या आधीच कळतो. वाळत्या बोंबलाचा वास आधी पातळ येतो, वळणावर घट्ट होतो. या वासाबद्दल दोन मतं आहेत आणि ती बसमध्ये एकाच वेळी व्यक्त होतात. पुढच्या सीटवरचा प्रवासी खिडकी लावून घेतो, मागच्या सीटवरची बाई आपली उघडते. गावात शिरल्यावर दोन्ही बाजूंना वलांडी दिसतात, म्हणजे बांबूचे उंच मांडव आणि त्यांवर ताणलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची. उत्तरेचा कोरडा वारा असेल तर तीन दिवसांत माल तयार होतो. वारा फिरला, हवा दमट झाली, तर तोच माल खतात जातो. ओला बोंबील पांढरट गुलाबी आणि जवळजवळ पारदर्शक असतो. सकाळी सूर्य त्याच्यामागे असताना अख्खी वलांडी आतून दिवा लावल्यासारखी दिसते. हे दृश्य साडेसात ते साडेआठ एवढा वेळच असतं. तशी नोंद माझ्या वहीत आहे.

वही होती, कारण त्या सिनेमाच्या नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. कुठल्या शॉटमध्ये कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, केस बांधलेले की मोकळे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर अनेक वर्षं काढलेल्या माणसाला हे जमेल, असं दिग्दर्शिकेला वाटलं. ती माझ्याच इमारतीत, नवघरला राहते.

दिग्दर्शिका म्हणजे सुजाता. तेव्हा वय एकोणतीस, नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्याची, सुट्टी फक्त रविवारी. वडील परभणीकडून आलेले. नवघरमधल्या निम्म्या इमारती उभ्या राहताना तिची आई तिथे विटा वाहत होती. सुजातानं परदेशी सिनेमांतल्या जग वाचवणाऱ्या सगळ्या बायका पाहिल्या होत्या आणि तिला एक शंका होती. जिन्यात भेटल्यावर ती म्हणाली होती, "काका, यांना कधी कोणी भाजी आणायला पाठवत नाही का? आणि एकीचा तरी रंग माझ्यासारखा असावा ना!"

त्यातून 'वारेवाली' लिहिला गेला. त्रेचाळीस वर्षांची मासेविक्रेती, जी हातांनी वारा अडवू शकते आणि हवी ती दिशा देऊ शकते. समोर एक खलनायक, जो यंत्रातून दमट ढग सोडून गावाचा माल कुजवतो. वारेवालीसाठी सुजाताच्या डोळ्यासमोर एकच बाई होती. चौकची सँड्रा. ती भाईंदरच्या जेसल पार्कात मासे विकायला बसते आणि सुजाताची आई तिच्याकडूनच बोंबील घ्यायची. खांदे रुंद, चालणं भराभर, आणि गिऱ्हाइकाकडे बघताना एक भुवई वर.

सँड्रा नाही म्हणाली. त्याला कारण होतं.

त्याआधी चार वर्षं एका मालिकेचं युनिट गावात येऊन गेलं होतं. त्यांनी सँड्राला दोन वाक्यं दिली, भाड्याचं लुगडं नेसवलं, कमरेवर हात ठेवायला लावले आणि ओरडायला सांगितलं. ती ओरडली. तिच्या ओरडण्यानंतर कॅमेरा नायकाकडे वळला आणि नायकानं नाक दाबलं. एवढंच दृश्य. तिची मुलगी रेन्सी तेव्हा पाचवीत होती. वर्गातल्या मुलांना तो तुकडा मोबाईलवर सापडला आणि पुढचं जवळजवळ वर्षभर रेन्सी वर्गात शिरली की कोणीतरी नाक दाबायचं. शेवटी रेन्सीनं आईला शाळेत यायला मनाई केली. तेव्हापासून पालकसभेला बाप जातो.

सुजाता तीन रविवार सँड्राच्या ओट्यावर जाऊन बसली. तिसऱ्या रविवारी सँड्रानं अट सांगितली. "पिक्चर झाला का आदी रेन्सी बगणार. ती हो म्हणली तर दाखव सगळ्या जगाला. ती न्हाय म्हणली तर तुज्या मोबाईलमध्येच ऱ्हाईल. कबूल हाय?"

"कबूल," सुजाता म्हणाली.

कॅमेरा चालवणारा इम्रान शेजारीच होता. मीरा रोडला लग्नांचे व्हिडिओ काढणारा. तो म्हणाला, "दीदी, चार महिने की मेहनत, और फैसला नववी की लडकी करेगी?"

रेन्सीनं तो फैसला आपल्या परीनं तिथेच सुरू केला. चित्रीकरण रविवारी असणार हे कळल्यावर तिनं रविवारचा गणिताचा क्लास लावला.

पोशाखाची गोष्ट वहीत दोन पानं आहे. सुजातानं आधी लुगड्याचं चित्र काढलं होतं. मध्ये काष्टा, वर चिलखतासारखी चोळी. सँड्रानं चित्र लांब धरून पाहिलं. "लुगडं माजी सासू नेसते. मी मॅक्सी घालते. कोळीण म्हटली का तुमाला लुगडंच दिसतं का गो?" मग अंगाला घट्ट बसणारा एक पोशाख सुचवला गेला. त्यावर सँड्राच्या सासूनं, नातालीनमावशींनी, कपाळावर, छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर क्रूसाची खूण केली. चर्चा संपली.

तोडगा जेसल पार्कच्या हेतलबेननी काढला. त्या ब्लाउज शिवतात, जैन आहेत आणि मासळीचा वास आला की बोलता बोलता थांबतात. माप घ्यायला त्या चौकला आल्या त्या नाकावर दुहेरी रुमाल बांधून. गुडघ्यापर्यंतचा निळा शर्ट, सैल पँट, पायात गमबूट, पाठीवर उडता झगा नाही, कारण तो वलांडीत अडकेल. सगळं ठरल्यावर हेतलबेन रुमालातून म्हणाल्या, "पॉकेट डालती हूँ, हाँ. दुनिया बचाएगी तो मोबाईल कहाँ रखेगी?" चार खिसे आले. असा पोशाख आधी कुठल्या सिनेमात पाहिल्याचं तिथल्या कोणाला आठवलं नाही. तो शर्ट सँड्रा अजून वापरते. परवा मी गेलो तेव्हा तोच अंगात होता आणि एका खिशात सुतळीचा गुंडा होता.

तर त्या रविवारी एकोणीस बायका मिस्साच्या कपड्यांत उभ्या होत्या आणि साडेसातचा प्रकाश केव्हाच गेला होता. सुजाताच्या आवाजात रडू होतं. "मी सांगितलं होतं ना, रोजच्यासारखं या म्हणून?"

नातालीनमावशी सगळ्यांत पुढे होत्या. मोरपंखी साडी, मनगटात घड्याळ. "रोजच्यासारखं आमाला रोज बगतात. आज फोटो हाय ना?"

"पण मावशी, खरं वाटायला पाहिजे. या कपड्यांत कोणी बोंबील टांगतं का?"

"फोटोत रोजचे कपडे कोण घालतं?" मागून एकीनं विचारलं. हा प्रश्न खरोखरचा होता. कोणी हसलं नाही.

सँड्रा आपल्या निळ्या शर्टात गमबूट घालून उभी होती. ती म्हणाली, "सुजाता, तुज्या आईचा फोटो हाय ना घरात? तरण्यापणीचा? त्यात तिनं काय घातलंय?"

तो फोटो मी पाहिलाय, त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. स्टुडिओत काढलेला. पांढरी स्टार्च केलेली साडी, पायात चपला, आणि हातात घड्याळ, जे शेजारणीचं होतं. ज्या वर्षी तो काढला त्या वर्षी ती बाई दिवसभर विटा वाहत होती. परतताना बसमध्ये सुजाता म्हणाली, "काका, आईला कोणी विटांसकट उभं केलं असतं तर तिनं तो फोटो भिंतीवर लावला असता का?" ती खिडकीबाहेर बघत होती.

पण हे नंतरचं. तेव्हा, नऊ वाजून दहा मिनिटांनी, ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे. असंच करू. बाह्या सांभाळा."

बाह्यांवर दुधाच्या पिशव्या चढल्या, वर रबर. पदर खोचले गेले. पर्स नातालीनमावशींच्या खुर्चीखाली ठेवल्या गेल्या. आणि एकोणीस बायका सणाच्या कपड्यांत बोंबील टांगू लागल्या. जबड्यात जबडा, झटका, पुढची जोडी. हात रोजचेच होते, त्यांना साडी कुठली हे माहीत नव्हतं. जांभळा, राणी, पोपटी, त्यावर टांगलेल्या बोंबलांची पांढरी रांग, मागे समुद्र. थोड्या वेळानं कोणीतरी लग्नातलं गाणं सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं. कॅमेरा चालू आहे हे त्या विसरल्या की त्यांना चांगलंच लक्षात होतं, हे ठरवता येत नाही. दोन्ही खरं असावं. इम्राननं कॅमेऱ्यावरून डोळा न काढता हात हलवला. "दीदी, ये देखो. ये तो मैं किसी शादी में भी नहीं पकड पाया."

एवढ्या रंगांचा हा प्रसंग सिनेमात साडेचार मिनिटांचा आहे. दमट ढग येतात तेव्हा रेशमी साड्यांतल्या एकोणीस बायका मान वर करून बघतात. एकही किंचाळत नाही. नातालीनमावशींनी तसं आधीच बजावलं होतं. "ओरडायचं न्हाय कोणी. आमी ढग बगलेत."

थंडी फार नव्हती, पण सकाळी होडीच्या लाकडाला हात लावला की कळायची. ओल्या जाळ्यांचा, डिझेलचा, उकळत्या चहाचा वास. चर्चची घंटा वाजली की ध्वनिमुद्रण थांबायचं. कुत्रे शॉटमध्ये यायचे आणि बाहेर जायचे नाहीत. एका कुत्र्याचं नाव शेवटी कलाकारांच्या यादीत घातलं. बाराच्या सुमाराला एका चादरीवर डबे उघडायचे. सुजाताच्या आईची भाकरी आणि ठेचा, इम्रानच्या घरचा खिमा, हेतलबेन आल्या असतील तर थेपले, सँड्राची सुक्या बोंबलाची चटणी. सगळ्यांचं सगळं खाऊ शकेल असं त्या चादरीवर कोणी नव्हतं. सगळ्यांना चालेल असा एकच पदार्थ निघाला, खारे शेंगदाणे. चौथ्या रविवारपासून ते किलोनं येऊ लागले.

उडण्याचं दृश्य मासळीच्या टेम्पोवर झालं. सँड्रा मागच्या हौद्यात हात पसरून उभी, इम्रान तिच्या पायाशी आडवा, म्हणजे चौकटीत बाई दिसेल, टेम्पो नाही. टेम्पो जेसल पार्कापर्यंत गेला, कारण सुजाताला मागे इमारती हव्या होत्या. सिग्नलला थांबल्यावर एका गॅलरीतून आवाज आला, "अरे सँड्राबेन! आज मच्छी नहीं लायी?"

सँड्रानं हात पसरलेलेच ठेवले. "आज उड रही हूँ भाभी. कल लाऊँगी!"

हा संवाद सिनेमात आहे. लिहिलेला नव्हता.

लिहिलेल्या संवादांचं मात्र काही खरं नव्हतं. कॅमेरा चालू झाला की सँड्रा शाळेतल्या पुस्तकासारखी बोलायला लागायची. खलनायकाला अडवण्याचं वाक्य तिनं अकरा वेळा म्हटलं, आणि अकराही वेळा ते असं आलं: "थांबा. आपण हे योग्य करीत नाही आहात." हात शरीराला चिकटलेले, हनुवटी वर, चौथीच्या वर्गात कविता म्हणताना उभं राहतात तशी.

"अगं, घरी बोलतेस तसं बोल," सुजाता म्हणायची.

"कॅमेऱ्यासमोर घरच्यासारखं? मना न्हाय जमत."

खलनायक म्हणजे सुजाताचा भाऊ विकास, पावसाचा पत्ता नसताना रेनकोट घालून. बाराव्या वेळी मागे सरकताना त्याचा पाय खाली अंथरलेल्या सुकटीवर पडला. ती खरी सुकट होती, दोन दिवस वाळवलेली, सँड्राच्याच घरची.

"ए मेल्या, पाय काढ! माल हाय तो! दिसत न्हाय तुला?"

किनाऱ्यावरचे कावळे उडाले. विकासनं पाय उचलला आणि तो तसाच, एका पायावर उभा राहिला. "सॉरी मावशी. सॉरी." इम्रानचा कॅमेरा चालू होता. सुजातानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, आवाज जाऊ नये म्हणून. मग सगळे हसले, सँड्राही हसली, आणि हसता हसता थांबली.

"ते काढ," ती म्हणाली. "ओरडणारी कोळीण परत न्हाय."

यावर पुढचे तीन रविवार वाद झाला. सुजाताचं म्हणणं, सबंध सिनेमात यापेक्षा खरा क्षण नाही. सँड्राचं म्हणणं, मागच्या वेळी सांगून ओरडली तरी ओरडणं खरंच होतं, तिनं काही नाटक केलं नव्हतं. यात मुद्दा होता. सुजातानं मग जुन्या मालिकेचा तो तुकडा शोधून काढला आणि माझ्यासमोर चार-पाच वेळा पाहिला. आपला तुकडाही पाहिला. शेवटी म्हणाली, "काका, ओरडणं सारखंच आहे. ओरडल्यानंतर कॅमेरा कोणाकडे जातो ते बघा. तिथं तो नाक दाबतो. इथं हा पाय उचलतो." तिनं नंतरचा हशा कापला. ओरडणं ठेवलं, विकासचा पाय आणि त्याचं सॉरी ठेवलं, आणि मग पुन्हा सँड्राचा चेहरा, वर गेलेल्या भुवईसकट. अकरा सेकंद.

सँड्राला हे पटलं नाही. "मना नको सांगू. रेन्सी ठरवेल."

हंगाम फेब्रुवारीत उतरणीला लागला. संकलन चालू असताना सुजातानं एका महोत्सवाचा अर्ज भरला. त्यात रकाना होता: चित्रपटात विविधता कशी साधली? तिनं बराच वेळ विचार करून लिहिलं, "रविवारी कोण मोकळं आहे ते पाहून." मी ते बदलायला सुचवलं नाही. डेस्कवर असतो तरी सुचवलं नसतं. अर्ज भरून ठेवला गेला, पाठवला नाही. रेन्सीनं अजून सिनेमा पाहिला नव्हता.

परवा वलांडीखाली सँड्राशी बोलणं झालं ते वाऱ्याबद्दल. "यंदा वारा बरा हाय," ती म्हणाली. दोन्ही हात दोरीवर, बोलताना एकही जोडी चुकली नाही. पलीकडे नातालीनमावशी खुर्चीवर बसून, कोणाची दोरी सैल आहे ते सांगत होत्या. वर बोंबील हलत होते, सगळे एकाच बाजूला, उत्तरेच्या वाऱ्यात हलतात तसे. गेल्या दोन वर्षांत मला वारा डोळ्यांनी ओळखता येऊ लागलाय. डेस्कवर तो फक्त हवामानाच्या चौकटीत असायचा.

सिनेमा दाखवला तो त्याच हंगामाच्या शेवटी, मार्चमधल्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी सव्वासहाला, सँड्राच्या घरी. भिंतीवर चादर, इम्राननं मागून आणलेला प्रोजेक्टर. खोलीत सँड्रा, नातालीनमावशी, सुजाता, विकास, इम्रान आणि मी. हेतलबेन पहिल्यांदाच रुमालाशिवाय. रेन्सी सगळ्यांत शेवटी आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. दार तिनं उघडंच ठेवलं.

एकोणीस बायका पडद्यावर आल्या तेव्हा नातालीनमावशींनी एकेकीचं नाव घ्यायला सुरुवात केली. "ती बग पावलीन. साडी माजी हाय ती." स्वतः आल्या तेव्हा मात्र फक्त पदर नीट केला. टेम्पोवरच्या दृश्याला हेतलबेननी टाळी वाजवली. "पॉकेट दिखता है!" सुकटीचा प्रसंग आला तेव्हा सुजाता जमिनीकडे बघत होती, इम्रान प्रोजेक्टरकडे, आणि सँड्रा रेन्सीकडे. रेन्सी पडद्याकडे बघत होती. अंधारात तेवढंच दिसलं.

अडतीस मिनिटांनी दिवा लागला.

"गमबूट चुकलेत," रेन्सी म्हणाली. "उडताना पिवळे हायत, उतरताना काळे."

तिचं बरोबर होतं. चूक माझी होती. वहीत गमबुटांच्या रंगाची नोंद नव्हती.

"आणि?" सुजातानं विचारलं.

"मम्मी ओरडते ते परत लाव."

सुजातानं लावलं. रेन्सी स्टुलावरून उठून चादरीजवळ आली. "परत." पुन्हा लावलं. ती विकासकडे वळली. "तू सॉरी म्हणतोस ते लिहिलेलं होतं?"

"नाही गं," विकास म्हणाला. "खरंच घाबरलो होतो."

रेन्सी हसली. चार महिन्यांत तिला हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मग तिनं खिशातून मोबाईल काढला. "एवढाच तुकडा पाठव मला."

"कशाला गो?" सँड्रानं विचारलं.

"वर्गाच्या ग्रुपवर टाकते."

"बग हां. नीट विचार कर. तीच पोरं हायत."

"मम्मी, तू गप."

सुजातानं तुकडा पाठवला. सात वाजून चार मिनिटांनी तो नववी 'ब'च्या ग्रुपवर गेला. खाली रेन्सीनं दोन शब्द लिहिले होते: माझी मम्मी.